दुसरी साक्ष

इंदिरानगर, नाशिक
सोमवार, २७ ऑक्टोबर

प्रिय तेजू,
सलाम आणि गालावर एक पापा.

तुझं बंगळूर कसं आहे? मेसमध्ये रोज सांबार असतं अशी तक्रार करू नकोस, इथे रोज पोळीभाजी होती तेव्हाही तुझी तक्रार होतीच. आम्ही दोघं बरे आहोत. पप्पांची सेकंड शिफ्ट चालू आहे. हल्ली ते सातपूरहून मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून येतात आणि कॉलेजकुमारासारखे खुशीत असतात. अक्षर वाकडंतिकडं दिसेल. फोडणीचं तेल उडून उजव्या हाताची बोटं भाजलीत, काळजीचं काही नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, प्रश्नच विचारत सुटतेस.

ती तुझी खोड जुनी आहे. रविवारच्या शाळेत तू विचारलं होतंस, बायबलात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला तर आधीचे तीन दिवस कशावरून मोजले? बाई घरी तक्रार घेऊन आल्या होत्या. पप्पा म्हणाले, पोरगी हाताबाहेर चालली. मी मान खाली घालून चहा ठेवायला गेले, कारण मला हसू आवरेना. तो प्रश्न मलाही लहानपणी पडला होता, विचारायची छाती झाली नव्हती.

म्हणूनच औषध कंपनीतली लॅबची नोकरी सोडून तू विज्ञान आणि ख्रिस्ती विश्वास यांचं नातं शिकायला निघालीस, तेव्हा मी काही बोलले नाही. नातेवाइकांनी मात्र भंडावून सोडलं. एम.एस्सी. झालेली मुलगी पुन्हा एम.ए. करते? आणि हे शिकून होणार काय, चर्चची पाळक की प्रोफेसर? मी म्हणायचे, दोन्ही झाली तर तुमच्या पोटात का दुखतं?

खरं सांगते, तू नेमकं काय शिकतेस ते मला मे महिन्यात कळलं. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी तुला बोलायला उभं केलं होतं. आपल्या मंडळीतले सगळ्यांत जुने पंच चक्रनारायण सर उठले आणि म्हणाले, "प्रार्थना खरी की गोळी खरी? एक काय ते सांग."

तू शांतपणे म्हणालीस, "सर, आपण जेवणाआधी ताटावर प्रार्थना करतो. मग ताट तसंच ठेवून उठतो का?"

सगळे हसले, सरही हसले. दुसरी कुणी असती तर जिंकल्यासारखी खुर्चीवर बसली असती. तू मात्र नंतर सरांशेजारी जाऊन बसलीस. त्यांचा धाकटा भाऊ औषधं चालू असतानाच गेला, ते त्यांनी तुला सांगितलं. तू एकदाही मध्ये बोलली नाहीस. तुझ्या उत्तराचा अभिमान वाटला, पण त्या ऐकण्याचा जास्त वाटला. वाटलं, ही माझ्या पोटची आहे?

टाळ्या मीही वाजवल्या. पण तेजू, वाजवताना मी तुझी नजर चुकवत होते.

मी जानेवारीत भगिनी मंडळात साक्ष दिली होती, तुला माहीत आहे. किती काळ फिट आली नाही, प्रभूने मला मोकळं केलं, असं मी सगळ्यांसमोर उभी राहून बोलले. बायका रडल्या, मीही रडले. त्यानंतर घरातल्या फिटच्या गोळ्या संपल्या. मेडिकलवाला महेश आपल्याच मंडळीतला. तो कुणाला काही बोलला नसता, पण त्याच्यासमोर गोळ्यांची पट्टी मागायला माझी जीभ उचलेना. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. आता गोळी घेतली तर मी देवाला खोटं पाडीन असं वाटायचं. म्हणून मी गोळ्या बंदच केल्या.

आणि तू मेच्या त्याच सुट्टीत प्रबंधासाठी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून मंडळीतल्या सगळ्यांसारखं मलाही विचारलंस, बरं वाटल्यावर औषध चालू ठेवता का? मी म्हणाले, हो, घेते की. तू विश्वासाने पुढचा प्रश्न विचारलास.

तेल उडालं हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. गेल्या सोमवारी फोडणी करताना मला फिट आली. कढई घेऊन खाली पडले. शेजारची राखी वाटी परत द्यायला आली म्हणून गॅस बंद झाला, नाहीतर काय झालं असतं ते पप्पा अजून बोलत नाहीत. तुला सांगायचं नाही अशी मीच त्यांना शपथ घातली होती. डॉक्टर रागावले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या मी स्वतः महेशकडून आणल्या.

काल हंगामाचा सण होता. वेदीपुढे भोपळे, भाताच्या लोंब्या, नारळ मांडले होते. त्या अर्पणांचा लिलाव सुरू व्हायच्या आत मी साक्षीसाठी उभी राहिले, हाताला पट्टी बांधलेलीच. म्हणाले, "जानेवारीत मी सांगितलं की देवाने मला बरं ठेवलं. ते खरंच होतं. पण तो मला गोळीतून बरं ठेवत होता, आणि मी त्याचं ताट परत लोटलं." एवढं बोलून मी बसले.

कुणी आमेनसुद्धा म्हणालं नाही. वाटलं, गेली आपली अब्रू. लिलाव झाला, लोक पांगले, आणि चक्रनारायण बाईंनी मला खांबाआड ओढलं. "अगं, मी शुगरच्या गोळ्या नाशिकरोडहून मागवते. महेशला दिसायला नको म्हणून. यांनाही ठाऊक नाही." तुझ्या सरांच्या घरात, तेजू. आम्ही दोघी तिथे लहान मुलींसारख्या हसलो. मग त्या माझा भाजलेला हात धरून महेशकडे गेल्या आणि म्हणाल्या, आता इथूनच देत जा रे बाबा.

तुझा प्रश्न किती घरांत दडून बसलाय, ते तू आधी ओळखलंस. मी तुझी आई असून मला पोळल्यावर कळलं.

रागावलीस तर फोनवर रागाव, मी ऐकून घेईन. पण माझं ते उत्तर प्रबंधातून खोड आणि हे नवं घाल. सगळ्यांची नावं बदलणार आहेस ना? माझं बदलू नकोस.

प्रार्थना करून गोळी घेणारी,
तुझी मम्मी,
ललिता