मंडळी, बाकांसकट

गोरेगाव, ता. सेनगाव
बुधवार, ९ मे २००१

प्रिय प्रेमदासराव,

ख्रिस्तात सलाम. आपली प्रकृती, आपला नवा फ्रिज आणि आपल्या पुण्याच्या चर्चचा ऑर्गन, तिघेही धडधाकट असतील अशी आशा आहे. इकडे आपल्या भगिनी सुनिताबाई कुशल आहेत. भावाचे अक्षर हल्ली फक्त कामापुरते दिसते, एवढीच त्यांची तक्रार. आपल्याला तिकडच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंच, म्हणून उभे राहायचे आहे आणि त्यासाठी गोरेगाव मंडळीचे बदलीपत्र हवे, हे कळले. (बारा वर्षे परगावी राहून नाव मात्र इथल्याच वहीत, हे आपल्यालाही आताच कळलेले दिसते.) उत्तराला उशीर झाला, त्याला कारण बाके.

आपल्या पत्र्याच्या चर्चमधली सात बाके खाजा मियाँच्या वडिलांनी घडवली, हे आपण विसरला नसाल. पाठींवर ‘गोरेगाव ख्रिस्ती मंडळी’ असे कोरलेही त्यांनीच. तेव्हापासून गावात कोणाकडेही कार्य असो, आधी बाके जातात आणि मागून आपण. परवाच्या रविवारी खाजा मियाँच्या नजमाचे लग्न होते. आम्ही उपासना सकाळी सहालाच केली, बाके बैलगाडीत चढवली आणि अकराही सभासद मांडवात पाणी वाढू लागलो. नेमके त्याच दिवशी, न कळवता, आपल्या प्रांताचे अधीक्षक पाळकसाहेब अवतरले. बारापेक्षा कमी सभासद असलेली मंडळी बंद करून जवळच्या मोठ्या मंडळीत, म्हणजे आमच्या बाबतीत हिंगोलीच्या, मिसळून टाकायची असा नवा नियम झाला आहे. तेव्हा साहेब डोकी मोजायला आले होते. चर्चला कुलूप. चहावाल्या कोंडीबाने सांगितले, “मंडळी तिकडं मांडवात हाय की, बाकांसकट.”

साहेब मांडवात आले. समोर सात बाके, प्रत्येकावर मंडळीचे नाव, आणि त्यांवर दाटीवाटीने बसलेली माणसे. (चष्मा जीपमध्ये राहिला होता.) उघड्यावरची एवढी भरगच्च उपासना पाहून त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी डायरीत चोपन्न हा आकडा लिहिला आणि प्रार्थनेसाठी हात वर केले, तोच काझीसाहेबांनी अदबीने विचारले, “आप लडके की तरफ से?”

चोपन्न खोडून अकरा झाले. मी यथाशक्ती युक्तिवाद केला. साहेब म्हणाले, वाईट का वाटून घेता, सार्वत्रिक मंडळी एकच आहे आणि तुम्ही तीत आहातच. मी म्हटले, उपासनेतल्या विश्वासांगीकारात दर रविवारी तेच म्हणतो. पण नानीबाईंचा गुडघा आखडला की त्यांना हाताला धरून आणायला सार्वत्रिक मंडळी येत नाही, मागच्या बाकावरचेच कोणीतरी उठते. तेवढ्यात त्या सत्तरीच्या नानीबाईच लंगडत पुढे आल्या. “सायेब, येशूच्या गोष्टीतल्या त्या मेंढपाळानं एका मेंढरापायी नव्याण्णव सोडली. तुमी एक कमी म्हणून अकरा सोडून राहिले व्हय? काहून?” मग खाजा मियाँनी त्यांच्यापुढे बिर्याणीचे ताट ठेवले. “मंडळी बंद करा साब, पन बाकड्यावरचं माझ्या बापाचं अक्षर तुमच्या हातानं पुसा. मला न्हाई जमायचं.”

साहेब बाकावर बसले, मुकाट्याने जेवले आणि म्हणाले, वही दाखवा. वहीत बारावे नाव आपले निघाले. येत्या ३ जूनला ते पुन्हा येतील; बारा सभासद समक्ष दिसले तर मंडळी राहील. (तो पेंटेकॉस्टचा रविवार, म्हणजे साऱ्या जगातल्या मंडळीचा जन्मदिवस. साहेब वाटतात तितके कोरडे नाहीत.) या अकरांचा मला किती अभिमान वाटतो हे लिहिले तर गर्वाचे पाप लागेल, म्हणून लिहीत नाही.

आपले दाजी,
शांतवन गुरुजी

ता. क. बदलीपत्र दडपून ठेवावे असे मनात आले होते. सुनिताबाईंनी डोळे वटारले. सोबत जोडले आहे, माझी सही आणि शिक्क्यासह.

आणखी एक. त्यावर दोन वडिलांच्या सह्या लागतात. दुसरे वडील वहीप्रमाणे आपणच. १९८९ साली आम्ही आपल्याला निवडले आणि आपण राजीनामा न देता पुण्याची एसटी धरलीत. सही वही समोर ठेवूनच करावी लागते, आणि वही आता ३ जूनला सकाळी दहा वाजता उघडेल. आपली जागा दुसऱ्या बाकावर, खिडकीकडची. लग्नात तिथे नवरदेवाचे मामा बसले होते. पुसून ठेवली आहे.