ग्रेडीशेजारी कुणी बसत नाही

प्रिय व्हर्नाताईला,

तुझा धाकटा भाऊ हार्लन याचा बसल्या जागेवरून नमस्कार. उठून, वाकून केला असता, पण संघाच्या बसने माझ्या कमरेला जो आकार दिला आहे, त्यातून ती आता फक्त झोपताना थोडी सरळ होते. तुझा गुडघा कसा आहे? गोदामातली मांजर व्याली का? भावोजींच्या कबरीवर या खेपेलाही माझ्या नावाने फुलं ठेवलीस हे कळलं (पिवळी ठेवलीस म्हणे, त्यांना पिवळा रंग आवडत नसे, पण आता ते तक्रार करणार नाहीत). माझी प्रकृती म्हणशील तर दाढ दुखते, पाय सुजतात आणि बाकीचं वयाला शोभेल असं आहे. फोन न करता पत्र लिहितोय याचा राग मानू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मागच्या खेपेला मी ‘हॅलो’ म्हणालो, मग रंगाच्या डब्यांपासून पाद्रीबुवांच्या मेव्हणीच्या घटस्फोटापर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि ‘बरं, ठेवतो’ म्हणालो. एवढाच माझा वाटा.

त्याच फोनमध्ये तू मला एक प्रश्न विचारलास, तो मी विसरलेलो नाही. तुझ्या हार्डवेअरच्या दुकानातल्या खिळे-बिजागऱ्यांच्या काउंटरवरचा माणूस निवृत्त होतोय, ती जागा तू माझ्यासाठी धरून ठेवली आहेस, तर हे बसमधून हिंडणं पुरे करून मी घरी येणार की नाही, ते चार जुलैच्या आत सांगायचं. नाहीतर तू दुसरा माणूस बघणार. याचं उत्तर याच पत्रात आहे. पण आधी माझी रडकथा ऐकून घे. आयुष्यभर तुझी ऐकली आहे.

निम्मा मोसम संपला आणि आमचे मार्लो फॉल्सचे बगळे गुणतक्त्यात तळाशी आहेत. (संघाचं नाव बगळे कुणी ठेवलं कोण जाणे. एका पायावर उभं राहून दुसऱ्याने मासे नेताना बघत बसणं एवढंच साम्य मला दिसतं.) तू आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाहीस, म्हणून तुला दुकानाच्या भाषेत सांगतो. आम्ही म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या संघाची रोपवाटिका. समज, तू एक नोकर ठेवलास, त्याला स्क्रू आणि खिळा यातला फरक शिकवलास, गिऱ्हाइकाशी हसायला शिकवलंस, आणि तो कामाचा झाला त्याच दिवशी ओमाहा शहरातल्या मोठ्या दुकानाने गाडी पाठवून त्याला उचलून नेलं. वर तुझं अभिनंदन केलं, आणि त्याच्या जागी ज्याला हातोडा कुठल्या बाजूने धरायचा ते माहीत नाही असा नवा मुलगा पाठवला. तरी गावातले लोक तिकीट काढून येतात आणि मला विचारतात, हार्लन, तू कोच ना, मग जिंकत का नाही रे? किराणा दुकानात विचारतात, चर्चमध्ये विचारतात. माझी दाढ बघताना दंतवैद्याने विचारलं, तेव्हा त्याचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते.

हरणंसुद्धा आम्हाला आमच्या मनासारखं हरता येत नाही. वरचे लोक, म्हणजे मुख्यतः किटरिज नावाचा एक मृदुभाषी गृहस्थ, सगळं ठरवून देतात. आमचा पिचर आहे, ओस्मेल, व्हेनेझुएलाचा. चेंडू असा टाकतो की हवेत शिट्टी ऐकू येते. तर किटरिजचा हुकूम असा, की याने हळू चेंडू शिकला पाहिजे, म्हणून समोरच्याने कितीही झोडपलं तरी हळूच चेंडू टाकायचा. मे महिनाभर ओस्मेलने हळू चेंडू टाकले आणि समोरच्यांनी ते मैदानापलीकडच्या मक्यात पाठवले. (शेतकऱ्याने चेंडू परत देणं बंद केलं आहे. त्याचंही बरोबर आहे.) शिवाय प्रत्येक पोराला चेंडूंचं रेशन असतं. तेवढे टाकून झाले की खांदा जपण्यासाठी त्याला बाहेर काढायचं, मग सामन्यात आग लागलेली का असेना. रेशन मोडलं की किटरिजचा फोन येतो. तो ओरडत नाही. ‘हार्लन, मला जरा वाईट वाटलं’ असं म्हणतो, आणि त्यानंतर दोन दिवस मला जेवण जात नाही.

आता ग्रेडीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. ग्रेडी सोरेन्सन आमचा म्हातारा कॅचर. म्हातारा म्हणजे तिशी ओलांडलेला, पण आमच्यात तिशी ओलांडलेल्या खेळाडूकडे लोक शोकसभेला आल्यासारखे बघतात. फटका त्याला मारता येत नाही, कधीच येत नव्हता. दहा वर्षं तो अशाच गावांतून उकिडवा बसून पोरांचे चेंडू झेलतोय. गुडघे असे वाजतात की अंपायर दचकतो. पण पोरं त्याच्याकडे जातात. कुणाला घरची आठवण आली, कुणाच्या मैत्रिणीने दुसरा धरला, कुणाला टॅक्सचा कागद कळला नाही, की ग्रेडी. बसमध्ये शेजारी बसून बसून तो स्पॅनिश शिकला. व्याकरण नाही, पण माणूस रडायचा थांबतो.

तर दोन शनिवारांपूर्वी मैदानावर ‘कुत्र्यांची संध्याकाळ’ होती. (तिकीट खपवायला मालक काय काय काढतात ते विचारू नकोस. एकदा सगळ्यांना पुढाऱ्यांचे मुखवटे वाटले आणि मारामारी झाली.) गावातली यच्चयावत कुत्री प्रेक्षकांत. राष्ट्रगीताला सगळ्यांनी मिळून सूर लावला, तो गायिकेपेक्षा बरा लागला. आणि त्याच संध्याकाळी ओस्मेलचा हळू चेंडू अचानक जमला. पहिला डाव गेला, दुसरा, चौथा, सहावा, समोरच्यांना एक धड फटका मारता येईना. नऊच्या नऊ डाव असे काढले की विक्रम होतो. पिचरच्या आयुष्यात असा दिवस एखाद्या वेळी येतो, कित्येकांच्या येतच नाही. आणि अशा वेळी आमच्याकडे एक रिवाज आहे, तो चर्चपेक्षा कडक पाळतात. त्या पिचरशी कुणी बोलायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं नाही. जे घडतंय त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं की दृष्ट लागते, पुढच्याच चेंडूला फटका बसतो. त्यामुळे डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या खोपटात, ओस्मेल बाकाच्या एका टोकाला एकटा, आणि बाकीचे आम्ही दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या मांडीवर, सूर्यफुलाच्या बिया चघळत, मयताला आल्यासारखे गप्प.

सातव्या डावाच्या आधी त्याचं रेशन संपलं. आता बघ माझी अवस्था. काढलं नाही तर किटरिजला वाईट वाटणार. काढायचं तर पोराला सांगायला हवं, आणि सांगायचं तर बोलायला हवं. मी पिचिंग कोच स्टब्जला खुणेने सांगितलं, तू जा. स्टब्जने तरुणपणी एकदा अशा वेळी पिचरकडे नुसता च्युइंगम मागितला होता, त्याचं खापर गावाने अजून त्याच्या डोक्यावरून उतरवलेलं नाही. तो पोट धरून संडासात गेला आणि तिथेच राहिला. तेव्हा मी अशी युक्ती काढली, जी माझ्याखेरीज दुसऱ्या शहाण्याने काढली नसती. बदली पिचरला टोपी हलवून सरळ मैदानात पाठवलं. म्हटलं, आपल्या जागी दुसरा उभा दिसला की पोरगं काय ते समजेल. पोरगं समजलं नाही. कुणी काही बोललंच नाही म्हणून तो नेहमीसारखा उठून आपल्या जागी गेला. आता चेंडू टाकायच्या उंचवट्यावर दोन पिचर, दोघांनी हातमोजा चढवलेला, दोघेही अत्यंत सभ्यपणे एकमेकांकडे बघताहेत. प्रेक्षकांतलं एक कुत्रं रडायला लागलं. अंपायर माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘हार्लन, यातला टाकणार कोण?’ ओस्मेल ऐकत होता. मी हनुवटी हलवली. अंपायर म्हणाला, ‘दाढ दुखतेय का?’

शेवटी ग्रेडी उठला. गुडघे वाजले, ते सगळ्या मैदानाला ऐकू गेले. तोंडावरची जाळी वर करून तो ओस्मेलपर्यंत गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत, आधी स्पॅनिशमध्ये आणि मग बाकीच्यांसाठी आपल्या भाषेत, स्वच्छ सांगितलं, ‘त्यांना तुझ्या एकाही चेंडूला फटका मारता आला नाही, बाळा. आता तुझं झालं. फार चांगलं टाकलंस. चल, बस माझ्याजवळ जरा.’ डगआउटमध्ये सगळ्यांनी डोकी धरली. ओस्मेल त्याच्याकडे बघत राहिला, मग हसला, चेंडू त्याच्या हातात दिला आणि चालत बाहेर आला. माझ्या इतक्या वर्षांत पिचरला बाहेर काढताना तो हसलेला मी पाहिला नव्हता. बदली पिचरच्या पहिल्याच चेंडूला फटका बसला, आम्ही सामना हरलो, आणि खापर अर्थातच ग्रेडीवर फुटलं, कारण त्याने ते नाव घेतलं होतं.

सोमवारी किटरिजचा फोन. ओस्मेलचा हळू चेंडू तयार झाला, त्याला वर पाठवा. अभिनंदन. आणि हो, वरून एक तरुण कॅचर येतोय, तेव्हा ग्रेडीला संघातून मोकळं करायचं, या दौऱ्यातच. ‘हार्लन, तू सांग त्याला, तुझं ऐकेल तो.’ ताई, मी पोरांना घरी पाठवायचं काम खूपदा केलं आहे. दार लावतो, खुर्ची देतो, दोन वाक्यं बोलतो. पण ग्रेडीला सांगायचं म्हणजे ज्याच्याकडून मी हे काम शिकायला हवं होतं त्यालाच सांगायचं. तेव्हापासून दौरा चालू आहे आणि मी त्याला टाळतोय. तो नाश्त्याला आला की मी उठतो. बसमध्ये तो मागे बसला की मी पुढे. माझं बघून स्टब्जही टाळतो, आणि स्टब्जचं बघून सगळा संघ. या वयात असं लपतछपत फिरायचं मला खरंच ओझं झालं आहे. मला लाज वाटते आणि मी दमलो आहे, दोन्ही खरं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. मोसम संपला की येतो. जागा धरून ठेव. खिळ्यांना घरची आठवण येत नाही आणि बिजागरीला कुणी रातोरात ओमाहाला नेत नाही. ॲप्रन मोठ्या मापाचा आण.

तुझा दमलेला भाऊ,
हार्लन

ता.क. त्या काउंटरवर दोन माणसं मावतील का? नसतील मावत, तर वरचा शेवटचा परिच्छेद वाचला नाहीस असं समज आणि ती जागा ग्रेडीला दे. त्याला स्क्रू आणि खिळा यातला फरक शिकवावा लागणार नाही, आणि गिऱ्हाइकं त्याच्याशी बोलायलाच येतील. उकिडवं बसायचं काम मात्र त्याला देऊ नकोस. माझं काय म्हणशील, तर ओस्मेलच्या जागी आलेला नवा मुलगा काल पहिल्यांदा टाकताना पाहिला. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसा चेंडू सोडतो. पण मनगट चांगलं आहे. आणखी एक मोसम थांबून बघतो त्याचं काय होतं ते.

ता.क. २. ग्रेडीला मी अजून काहीच सांगितलेलं नाही, तेव्हा तू दुकानावरून त्याला परस्पर फोन करू नकोस. तुला ओळखतो म्हणून लिहितोय.

ता.क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहितोय. बस पेट्रोल भरायला थांबली, सगळे उतरले, आणि ग्रेडी पुढे येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसला. म्हणाला, ‘कोच, आठवडा झाला, माझ्याशी कुणी बोलत नाही, शेजारी कुणी बसत नाही. आता माझ्या हातून काही विक्रम होत नाहीये, एवढं मला कळतं. तेव्हा सांगून टाका.’ मी सांगितलं. शब्द नीट जुळले नाहीत, म्हणून त्याचेच उसने घेतले. तुझं झालं, फार चांगलं खेळलास, बस माझ्याजवळ जरा. तो उठला नाही. बाहेर पोरं सोडा पीत होती, त्यांच्याकडे बघत होता. मग मी तुझ्या दुकानाचं सांगितलं. पगार, सुटी, राहायची सोय, काही विचारलं नाही त्याने. एवढंच म्हणाला, ‘तुमची बहीण बोलते का?’ मी म्हटलं, थांबतच नाही. म्हणाला, ‘मग येतो.’