तापासाठी मिळालेलं गटार

अप्पा,

काल मी इथल्या नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आले. शहराचं गटार जिथं संपतं त्याच्या पलीकडे आमची वस्ती आहे. घरं वाढत चालली आहेत आणि सांडपाणी रस्त्याकडेच्या चरात साचून राहतं. सरकारकडून अनुदान मागून गटार आमच्यापर्यंत वाढवा, एवढं सांगायला लोकांनी मला पुढं केलं. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे, म्हणून मला चारचौघांत बोलता येतं असा त्यांचा समज. मी उभी राहिले आणि बोलू लागले: वस्ती वाढेल, दुकानं येतील, जागेला भाव येईल, कराचं उत्पन्न वाढेल. समोरचे माना हलवत होते. अर्ध्यावर माझ्या ध्यानात आलं की हे बोलणं माझं नाही, सुप्याच्या घरात तुमच्या तोंडून ऐकलेलं आहे. सरकारला लिहून बघू, असं अध्यक्ष म्हणाले. घरी आले, पाय धुतले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

खानापूरकडून तुम्ही कारवारकडच्या रानातल्या सुप्यात आलात ते मीठ आणि कापड विकायला. सागवानाच्या गाड्या बाजारातून जायच्या, अणशीकडचे कुणबी मध, शिकेकाई, बांबूच्या चटया घेऊन उतरायचे, आणि हे गाव मोठं होणार हे तुम्ही मनाशी धरलंत. बाजाराच्या खालच्या अंगाची पाणथळ जमीन कुणाला नको होती, ती तुम्ही घेतलीत आणि तिच्या वरच्या टोकाला आपलं घर बांधलंत. बाजारातलं गटार तिथल्या सरकारी कचेरीपुढून यायचं आणि आपल्या कुंपणाशी संपायचं. पुढं त्याला वाट नव्हती, म्हणून ते परसात पसरायचं. उन्हाळ्यात त्याच्यावर हिरवी साय धरायची. "हे गटार नदीपर्यंत गेलं की बघ," तुम्ही आईला सांगत होता, "दोन्ही अंगाला दुकानं हुतील. पाणवठ्याच्या खाली नेऊन सोडायचं, म्हणजे कुणाची तक्रार न्हाई." आई चुलीपाशी उकड्या तांदळाच्या भाताचं पाणी वेळत होती. ती म्हणाली, "दुकानं हुतील तवा हुतील. आधी हा घाण वास तरी जाऊ दे."

त्या पावसाळ्यात माझ्या पाठच्या भावाला, धाकट्याला, ताप आला. सुप्यात ताप सगळ्यांनाच यायचा. पोटं पुढं आलेली, डोळे पिवळे झालेली माणसं बाजारात हिंडायची आणि कुणाला त्याचं नवल नसायचं. धाकट्याला दिवसाआड थंडी भरायची. दवाखान्यातलं तापाचं कडू कोयनेल तो थुंकून टाकायचा. श्रावण संपायच्या आत तो गेला. तुम्ही दुकान बंद ठेवलंत, मग उघडलंत. तो परसातल्या त्या डबक्याकाठी बसून पाण्यात काड्या सोडायचा, म्हणून आईनं ठरवून टाकलं की ताप त्या पाण्यातूनच आला. 

हिवाळ्यात कारवारहून कलेक्टर साहेबाचा तळ पडला. तुम्ही नवं पागोटं बांधून गेलात. तंबूत काय झालं ते तुम्ही परत आल्यावर ओट्यावर बसून सांगितलंत आणि मी ते दाराआडून ऐकलं. तुम्ही बाजार वाढेल म्हणालात, सरकारचा फायदा सांगितलात. साहेबानं विचारलं, गटाराच्या दोन्ही अंगाची जमीन कुणाची? तुम्ही म्हणालात, माझी. साहेब हसला. मग लोकांच्या पैशानं तुझी जमीन का सुकवायची, असं त्याच्या कारकुनानं तुम्हाला मराठीत समजावून दिलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोराचं सांगितलासा का?"

"न्हाई."

"का न्हाई सांगितलासा?"

"पोराचं नाव काढून गटार मागू काय?" तुम्ही म्हणालात आणि पागोटं उतरवून खुंटीला लावलंत.

हे वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं तुमच्या विरुद्ध धरलं. गटार तुम्हाला जमिनीसाठी हवं होतं आणि पोर त्या हिशेबात बसत नव्हतं, एवढाच अर्थ मला तेव्हा लागला. तुम्ही मात्र मागणं सोडलं नाहीत. तिथला सरकारी कारभार महालकऱ्यांकडे आणि त्यांच्या शब्दाशिवाय लोकल बोर्डाचा पैसा हलत नसे, म्हणून त्यांच्या मागं लागलात. एकदाचे ते बांधकामाच्या ओव्हरसिअरला घेऊन जागा बघायला आले. आपल्या घरी ते जेवणार नव्हते, तरी आईनं केळी आणि नारळ काढून ठेवले आणि परसाचा कोरडा कोपरा शेणानं सारवला. तुम्ही पुढं चालत काठीनं दाखवताय: इथून रस्ता, इथं दुकानं, इथं गाड्या सोडायला मोकळी जागा. ओव्हरसिअर नाकाला रुमाल लावून उभा आहे. महालकरी हं हं करताहेत, पण त्यांचं लक्ष घोड्याकडे लागलेलं मला दिसतंय. तेवढ्यात मागच्या दारातून आई बाहेर आली. पदर डोक्यावरून घेतलेला, हात अजून ओले.

"रावसाहेब," ती म्हणाली, "हितं माझं पोर खेळत हुतं."

तुम्ही वळलात. "आत जा," म्हणालात. आवाज चढवला नाहीत. आई आत गेली नाही.

"काय झालं पोराला?" महालकऱ्यांनी विचारलं.

"ताप. गेल्या पावसात. हितंच बसायचा तो, ह्या पाण्याकडंला. आणि खालच्या घरांतली दोन पोरं आता अंथरुणाला हाईत. तुम्ही दुकानं बघून जातासा, ती पोरं बी बघून जावा."

महालकऱ्यांनी डबक्याकडे एकदा बघितलं. मग त्यांनी तुम्हाला विचारलं, "हे तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"ते घरातलं हाय, रावसाहेब," तुम्ही म्हणालात. "ही बाजाराची गोष्ट."

"बाजारासाठी बोर्ड काही देणार नाही," ते म्हणाले. "तापासाठी देईल."

खालच्या घरांतली पोरं बघूनच ते गेले. केळी तशीच राहिली, ती संध्याकाळी मी खाल्ली. पुढच्या हिवाळ्यात मंजुरी आली, ती तापाच्या नावानं. तुम्हाला जे हवं होतं ते मिळालं होतं. तरी तुम्ही आईशी बोलत नव्हता. जेवायचं ताट मी ओट्यावर आणून द्यायची. खणायचं काम सुरू झालं तेव्हा तिथं जाऊन उभी राहायची ती आई. तुम्ही दुकानातून हलत नव्हता. गावात लोक गटाराला 'त्या पोराचं गटार' म्हणू लागले. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण ते कानावर आलं की तुम्ही उठून आत जात होता.

मग एक दिवस मी शाळेतून येते तर तुम्ही चरात उतरलेले. धोतर खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल, गवंड्याच्या माणसांबरोबर फरशी उचलताय. बोर्डाच्या नकाशात गटार उघडं होतं. आपल्या परसामागचा तेवढा भाग तुम्ही स्वतःच्या खर्चानं फरशीनं झाकून घेत होता, हे मला गवंड्यानं सांगितलं. मी काठावर उभी राहून विचारलं, "अप्पा, हे धाकट्यासाठी काय?" तुम्ही वर बघितलंत. "गटार हाय ते," म्हणालात. "मधी उभी राहू नको. घरात जाऊन आईला मदत कर." त्या दिवशी तुम्ही चुलीपाशी बसून जेवलात. आईनं वाढलं. तुम्ही दुसऱ्यांदा भात मागून घेतलात.

दुकानं झाली नाहीत. खानापूरचे दोघे दुकानदार आले आणि पहिल्याच पावसात तापानं हैराण होऊन परत गेले. लाकडाचा धंदा रेल्वेच्या बाजूला सरकला आणि सुप्याचा बाजार होता त्याहूनही लहान झाला. ताप तर हटलाच नाही. पुढं इथल्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं की तो ताप डासांचा, आणि तुमच्या त्या रानात डासांना एका डबक्याची काय गरज? रानातले झरे, भाताची खाचरं, सगळीकडे तेच. मी हे आईला कधी कळू दिलं नाही. परस मात्र कोरडं झालं, वास गेला. बाजारच्या दिवशी कुणबी बायका त्या फरशांवर टोपल्या मांडून बसू लागल्या आणि तुम्ही त्यांना कधी उठवलं नाहीत. मला मात्र तुम्ही उठवलंत. पावसाच्या आधी गाडीत बसवून इथं आत्याकडं आणून सोडलंत, शाळेत नाव घातलंत. "हितंच ऱ्हा. सुट्टीला बी येऊ नको," म्हणालात. मला ते हाकलून दिल्यासारखं वाटलं होतं. माझ्याबरोबर सुप्यात खेळलेल्या मुलींपैकी किती जणी तापातून वाचल्या ते पुढं कळत गेलं, तेव्हा त्याला दुसरं नाव द्यावं लागलं.

काल कचेरीत मला कुणी विचारलं असतं की तुमच्या घरात कुणी आजारी आहे का, तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. माझी मुलगी पंधरा दिवस तापानं झोपून होती, आता बरी आहे. कुणी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून शेवटी एक लिहिते. ओव्हरसिअरचा रुमाल, आईचे ओले हात, तुमच्या पायांवरचा चिखल हे सगळं मला दिसतं. धाकट्याचा चेहरा आठवत नाही. आईला विचारायचं राहून गेलं, आणि तुम्हाला विचारायची माझी छाती झाली नाही. तो कुणासारखा दिसत होता, अप्पा?