उजव्या वळणावरची घरघर

अमरावती, ता. २६ सप्टेंबर १९६१

ती. देवमनभाऊजी यांस,
मैनाचा सादर जयभीम, वि. वि. इकडे सर्व खुशाल. मामंजींचा खोकला थांबला.

तुम्ही मोटारीला गिऱ्हाईक पाहिल्याचं जाऊबाईंनी कळवलं. कागद तुमच्या नावावर आहेत, पण मी विकू देणार नाही. भातकुलीच्या पलीकडे बस जात नाही, तिथल्या बाळंतिणी माझी, नर्सबाईची, वाट पाहतात. तुमच्या भावानं मला मोटार शिकवली ती याचसाठी. थोरल्या दिराशी, भासऱ्याशी, बोलायची आपल्यात रीत नाही, लग्न होऊन आल्यापासून मी तुमच्यापुढे तोंड उघडलं नाही. म्हणून कागदावर भांडते.

खरं ते सांगते. चाकातून घर्र घर्र आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो. तुमचा जन्म मोटारीत गेला, काय असेल ते कळवा. भांडण पोटात घालून माया ठेवावी.

तुमची, मैना

अकोला, ता. ३० सप्टेंबर

चि. मैना हीस,
सप्रेम जयभीम. मीटरचे आकडे एकदा संपून पुन्हा शून्यापासून चाललेत, ती मोटार आता म्हातारी झाली. चाक निखळून तू नाल्यात गेलीस तर? धाकट्या श्रावणाला काविळीनं नेलं, आता तुला गमवायची माझी छाती नाही. विकतो ते एवढ्यासाठी.

विचारलंस म्हणून सांगतो. चालत्या मोटारीचा गिअर काढ. आवाज राहिला तर इंजिनाचा दोष नाही. ब्रेक हळूच दाब. आवाज बदलला नाही तर ब्रेकचाही नाही. मग मोकळ्या मैदानात दोन्हीकडे वळवून बघ. सावकाश, आणि एकदाच. त्यानंतर मोटार अंगणाबाहेर काढायची नाही. बोलायची रीत नाही तेच बरं, कागदावर एवढी भांडतेस तर तोंडानं काय केलं असतंस!

आशीर्वाद आहेत, जपून राहा.
देवमन

अमरावती, ता. ६ ऑक्टोबर

ती. भाऊजी यांस,
सादर जयभीम, वि. वि. गिअर काढला, आवाज तसाच. ब्रेक दाबला, तसाच. उजवीकडे वळलं की वाढतो, डावीकडे वळलं की जवळजवळ गप्प. म्हणून मिस्त्रीकडून उजवं पुढचं चाक उघडवलं. आत सगळं ठाकठीक निघालं.

तुमचा शब्द मोडला नाही. परवा बाळंतपणाचा निरोप आला तेव्हा मामंजींच्या बैलबंडीतून गेले. पोचले तर बाळ होऊन गेलेलं. दोघं सुखरूप आहेत, पण ते नशिबानं. परत येताना मला रडू आवरेना. तेव्हा लवकर कळवा, मी थांबणार नाही.

राग धरू नये, लोभ धरावा.
मैना

अकोला, ता. १० ऑक्टोबर

चि. मैना हीस,
सप्रेम जयभीम. अगं वेडे, उजवीकडे वळताना मोटारीचं ओझं डावीकडे जातं. ओझं पडल्यावर कण्हतं ते चाक दुखणाईत. डावं पुढचं जॅकवर उचल, वर-खाली धरून हलव. ढिलं लागलं तर बेअरिंग गेलं. पण एवढ्यात जायचं कारण दिसत नाही, श्रावणानं नवं घातलं होतं. गिऱ्हाइकाला अजून थोपवून धरलंय.

बाळाचं पत्र दोनदा वाचलं. काळजी घे.
देवमन

अमरावती, ता. १५ ऑक्टोबर

ती. भाऊजी यांस,
सादर जयभीम, वि. वि. चाक ढिलंच होतं. उघडलं तर आत काळंकुट्ट बंडीचं वंगण! मामंजींना विचारलं. ते म्हणाले, पोळ्याले बैलाईचं झालं, बंडीचं झालं, मंग माह्या श्रावणाच्या मोटारीनं काय पाप केलं? बंडी काय अन् मोटार काय, चाकाले वंगण पाह्यजेच. त्यांनी चाकाची टोपी काढून आतलं ग्रीज घाण समजून पुसलं आणि बंडीचं वंगण भरलं, त्यानंच बेअरिंग खाल्लं. एका चाकातच वंगणाचा नळा रिकामा झाला, नाहीतर चारही चाकं गेली असती. मला हसू आलं, आणि त्यांच्या तोंडचं श्रावणाचं नाव आठवलं तसं आवरलंही.

नवं बेअरिंग बसवलं, ग्रीज भरलं. उजवीकडे वळवून पाहिलं, काही नाही. आता विकायची तर मला समोर उभं करून विका.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून,
मैना

अकोला, ता. १९ ऑक्टोबर

चि. मैना हीस,
सप्रेम जयभीम. बाबांना काही बोलू नकोस. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं.

रविवारी येतो. भातकुलीपर्यंत मोटार तू चालव. मी पुढे, तुझ्या शेजारी बसणार, मागून पुढचं चाक नीट ऐकू येत नाही. भासरा भावजयीशेजारी बसला म्हणून लोक बघतील, तर बघू देत. चाकाचा आवाज आला तर कागद शोधू नकोस, मला तोंडानं सांग.

आवाज नाही आला, तरी बोल.

तुझा भाऊजी,
देवमन