वैभवीले घरी आणाचं आहे

९ मार्च, रविवार

नातीची अर्धी कोरी वही सापडली. कागद वाया घालवाची मले सवय नाही, म्हणून लिहून राह्यली. चौथीपर्यंत शिकली आहे मी. या घरात तेवढं पुरलं.

आज ठरवलं. वैभवीची नववी झाली की तिले सिस्टरांच्या शाळेतून काढाचं अन् इथं गावाले, किन्हीराजाले, घरी आणाचं. पोरगा शालिग्राम अन् सून संगीता पुण्याले कंपनीत, नात वाशिमले होस्टेलात, अन् इथं मी अन् म्हैस. मले कोणाची गरज आहे असं नाही. पोरीचं भलं पाहाचं म्हणून.

उजव्या पायात तुरीचं खुंट घुसलं होतं, ते अजून भरलं नाही. दुखत मात्र बिलकुल नाही. म्हणजे आतून बरं झालं.

१६ मार्च, रविवार

शाळेत पालकांची मीटिंग. मोठ्या सिस्टर, ज्योत्स्ना नाव, सर्वांगीण शिक्षणावर बोलल्या. डोकं, हात अन् मन, तिन्ही शिकले पाहिजे म्हणे. म्हणून पोट्ट्या पाळीनं स्वयंपाक करतात, संडास धुतात, वांगे लावतात, कराटे करतात, आजारी पोरीजवळ बसतात. शनिवारी गोल करून मनातलं बोलतात.

मी उभी राह्यली. म्हटलं, सिस्टर, झाडणं, धुणं, रांधणं मी घरी फुकटात शिकवते. कराटे म्हैस शिकवते. सगळे हासले. सिस्टरही हासल्या. हरल्या त्या.

प्रगतीपुस्तकात नंबरच नाही. पानभर लिहिलं आहे, वैभवी आजारी मुलींची काळजी मनापासून घेते, छान गाते. मी विचारलं, नंबर कितवा? सिस्टर म्हणे, आजी, आम्ही नंबर देत नाही. मंग पोरगी पुढं आहे का मागं, हे घरच्यायनं कशावरून ओळखावं? अशी शाळा.

२५ मार्च, मंगळवार

घरात कुठं तरी उंदीर मेला. वास येऊन राह्यला. कोठीमागं पाह्यलं, नाही.

शेजारची बेबी म्हणे, तुळसाबाई, पाय दाखवा कोणाले. मागच्या साली कॅम्पात तुमची शुगर निघाली होती. मी म्हटलं, बेबे, मी चहात गूळ टाकते, शुगर कुठून येईन?

हळद-तेल लावलं. उद्या उंदीर काढाचाच.

३ एप्रिल, गुरुवार

सगळं घर उपसलं, पण उंदीर नाही. बेबी आता दारातूनच बोलते, नाकाले पदर लावून. नवीन स्लॅब टाकला तवापासून तिले घमंड आली.

पायाले मुंग्या लागून राह्यल्या. हळदीले लागत असतीन. दोन बोटं काळी पडली. हळद जुनी असन.

म्हशीचं दूध काढाले बसलं की उठता येत नाही लवकर. वैभवी आली की तिले म्हैस शिकवाची. मले होत नाही म्हणून नाही. तिले आलं पाहिजे.

१२ एप्रिल, शनिवार

वैभवीचा फोन. आजी, येत्या गुरुवारी शाळेत ये, पाय धुवाचा कार्यक्रम आहे. येशूनं आपल्या माणसायचे पाय धुतले होते, त्याची आठवण म्हणून. आमी मोठ्यायचे धुणार आहो.

चला. इतक्या वर्षांनी त्यायले समजलं, मोठं माणूस म्हणजे काय.

प्लॅन असा: आधी पाय धुऊन घ्याचे. मंग सगळ्यायसमोर वैभवीचा दाखला मांगाचा. ज्याचे पाय धुतले त्याले नाही म्हणता येत नाही. पोरीले सांगितलं नाही. सरप्राईज.

१७ एप्रिल, गुरुवार

बसमध्येही उंदीर मेलेला. बाजूची बाई उठून उभी राह्यली, मले ऐसपैस जागा झाली. शाळेच्या हॉलात तोच वास. एवढी स्वच्छता शिकवतात अन् यायले एक उंदीर सापडत नाही.

खुर्च्यांची ओळ होती. मानाची म्हणून मी मधातली धरली. अन् मोठ्या सिस्टर सगळ्यात पहिले कोणासमोर बसल्या? स्वयंपाकीण सोनीबाईसमोर! गुडघ्यावर बसून तिचे पाय धुतले, पुसले, अन् मान वर करून तिच्या तोंडाकडे पाह्यलं. पाय पुसून झाले की वर पाहाचं, असा त्यायचा नेम आहे. सोनीबाई रडाले लागली. रडाले काय झालं? पाणी तं कोमट होतं. मंग झाडूवालीचे धुतले. मी तशीच बसून. आमच्याकडे असं केलं असतं तं पाहुणे जेवल्याबिगर गेले असते.

माह्यासमोर वैभवी आली. मी डावा पाय पुढं केला. उजव्यात शालिग्रामचा मोजा होता. ती म्हणे, आजी, दुसरा? मी म्हटलं, दुसरा घरून धुऊन आणला. पोट्ट्या हासल्या. वैभवी नाही हासली. तिनं मोजा काढला.

बाजूच्या पोट्ट्या मागं सरकल्या.

ती किंचाळली नाही, रडली नाही. पाणी बदलून आणलं. बोटाबोटाच्या मधातून धुतलं, हळूच. पुसलं. अन् वर पाह्यलं माह्याकडे. मंग उठून सिस्टरले म्हणे, गाडी काढा.

किती निबर मन करून ठेवलं पोरीचं यायनं.

दाखला मांगाचा राहून गेला.

२६ एप्रिल, शनिवार. अकोला, दवाखाना

डॉक्टर म्हणे, गुडघ्याखालून. मी म्हटलं, दोन बोटं घे अन् बाकी राहू दे. भाजीवाला तरी ऐकते, हा नाही ऐकला. शालिग्राम रडला. संगीता नाही रडली. तिनं सही केली.

पाय नाही, तं आता दुखून राह्यला. होता तवा दुखत नव्हता. अन् याले हे लोक शास्त्र म्हणतात.

२० मे, मंगळवार

घरी आली. घरातला वास गेला. उंदीर शेवटपर्यंत सापडला नाही.

शालिग्रामनं म्हैस विकली, मले न विचारता. अन् वरून म्हणे, माय, पुण्याले चाल. मी म्हटलं, त्या डबीत माणूस राहाते का? मी माह्या घरी बरी. मले कोणाची गरज नाही. संगीता म्हणे, मंग न्हाणीत कोण नेईन? मी तिकडे लक्ष दिलं नाही. दोघंही गेले, कंपनीत सुटी नाही म्हणे.

वैभवी सुटीची इथं आहे. ड्रेसिंग करते, न्हाणीत नेते, रांधते. अन् गाते. मी म्हटलं, सिस्टरांचे गाणे या घरात नको. तिनं गाणं अर्ध्यात सोडून दिलं.

८ जून, रविवार

वैभवी म्हणे, आजी, माहं दहावीचं वर्ष आहे. एक वर्ष तू पुण्याले बाबाजवळ राह्यते का? मंग मी नर्सिंगले जाईन, तुले माह्याजवळ ठेवीन. मी म्हटलं, हे शाळेनं शिकवलं का, आजीले घराबाहेर काढाले? ती म्हणे, शाळेनं मनातलं बोलाले शिकवलं. मी म्हटलं, झालं बोलून? मंग भांडे घास.

१५ जून, रविवार

वैभवी आता मनातलं बोलत नाही. सुधरून राह्यली.

सिस्टर ज्योत्स्ना आल्या. पेरू आणले. म्हणे, तेवीसला शाळा उघडते, वैभवीचा पलंग ठेवला आहे. सोनीबाईची बहीण तुमच्याजवळ राहायला तयार आहे. मी म्हटलं, परक्या बाईच्या हातचं पाणी मी पीत नाही. सिस्टर म्हणे, आजी, मग वैभवीचं काय? मी म्हटलं, वैभवी परकी आहे का? तिलेच विचारा.

विचारलं. वैभवीनं पहिले माह्याकडे पाह्यलं, मंग माह्या पायाकडे, नाही तिथं. म्हणे, मी इथंच राह्यते, सिस्टर.

स्वतःच्या तोंडानं म्हणाली. मी कोणाले धरून ठेवलं नाही.

सिस्टरनं जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, लय वेळ. पेरू कच्चे निघाले.

२३ जून, सोमवार

शाळा उघडली. सकाळची वाशिमची बस गेली. वैभवी अंगण झाडून राह्यली होती. बस दिसेनाशी झाली तरी झाडू तिथंच टेकलेला. मी आतून हाक मारली, मंग आली.

मार्चात ठरवलं होतं ते केलं. नात घरी आहे. जुन्या वेळेसारखं घर भरलेलं वाटते म्हणे बेबी. आता पार उंबऱ्याच्या आत येऊन बसते ती.

वैभवी रोज सांजच्याले माहा पाय धुते. मी सांगितलं नाही, डॉक्टरनं सांगितलं, राह्यलेला जपा. पाणी लय गरम तं नाही, हे आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहते. बोटाबोटाच्या मधातून धुते. एकच आहे, म्हणून लवकर आटपते.

आज पुसून झाल्यावर मी म्हटलं, वैभे, पाय पुसला की वर पाहाचं असते.

ती म्हणे, हो आजी.

अन् बकेट उचलून गेली.