दुसऱ्या सर्वरचा प्लग

घणसोली
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. मित्रा हिस, बाळा,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. अक्षर चौथीच्या शाळेचं आहे, लावून घे.

आम्ही बरे आहोत. तिकडे करंजाडेला वेळेवर जेवतेस ना? तुझा बाप फोन करून डोकं खातो, "पोरीला ऑफिसनं घरी का बसवलं?" मी म्हटलं, "दादा, मला काय विचारतो? मी झाडू मारणारी बाई."

खोटं बोलले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, महापेच्या ऑफिसात कुणाचंच दाराचं कार्ड चालेना. सगळी माणसं जिन्यात. मोठा सर्वर जळाला, आणि कोण कुठला कंप्युटर उघडणार, कुणाला कुठलं दार, ती नावं सगळी त्यात. तू डिरेक्टरी म्हणतेस ती. तिची कॉपी बाजूच्या सर्वरवर होती. तुमच्यातला तो कंप्युटरवाला अश्विन बघून आला, म्हणाला, "दोन्ही मेले."

दुसरा मेला नव्हता. एवढे शिकलेले, पण एकानं वाकून मागे बघितलं नाही.

खंडेनवमीला दिनानाथसाहेबांनी मशीनची पूजा ठेवली. "मुक्ताबाई, सर्वर चकाचक करा, हार घालायचाय." आपल्याला त्या पूजेचं काय? पण पुसणं माझं काम. तूच शिकवलंस, ओलं फडकं लावायचं तर आधी प्लग काढ. काढला. तू तेव्हा दीक्षाभूमीला गेलेली. मलाही विहारातल्या तयारीला पळायचं होतं. पुसलं, आणि प्लग तसाच राहिला.

तू शनिवारी नागपूरहून बॅगेसकट ऑफिसात आलीस. जुन्या डिस्कवरून यादी उभी केलीस, नंतर लागलेल्या माणसांची नावं एकेक भरलीस. "आत्या, चहा," एवढंच बोलायचीस. मी कप ठेवायची आणि निघायची. तोंडच उघडेना. मी! नळावर चार बायांना गप्प बसवणारी.

रविवारी दुपारी तू जेवायला उठलीस. मी आत गेले, वाकले, प्लग घातला. वाटलं, चालू होईल, विषय संपेल. मला काय माहीत, जुनी यादी आणि तुझी नवी यादी एकमेकींच्या उरावर बसतील? दारं परत बंद. तुझी मेहनत पाण्यात.

सोमवारी तू सांगितलंस, दुसरा सर्वर मध्येच चालू झाला, तर साहेब तुला सगळ्यांसमोर बोलले आणि घरी बसवलं, "मेलेला सर्वर आपोआप उठला? खोटं तरी नीट बोल!" मी तिथंच काच पुसत होते. पुसतच राहिले.

काल साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. हसले. "मुक्ताबाई, भाचीवर जीव आहे, कळतं. पण सर्वर म्हणजे काय, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?" अस्सा राग आला! प्लग काढायला काय डिग्री लागते?

आता ऐक. त्यांना गेल्या रविवारचा, दुपारी दोनचा, सर्वरच्या खोलीच्या दाराचा कॅमेरा बघायला लाव. मी आत शिरताना दिसेन. हातात बादली नाही, फडकं नाही. मग कशाला गेले होते, ते त्यांना या कागदात वाचू दे. आणि मला वाचवायला मध्ये पडू नकोस. माझं काम गेलं तर मी चार घरची भांडी धरीन. तुझ्यावर खोट्याचा शिक्का बसला तर तुला पुढे कोण उभं करील?

हा कागद साहेबांच्या टेबलावर जायचा आहे, म्हणून खाली आत्या लिहीत नाही.

मुक्ताबाई मारोती सोनकांबळे
हाउसकीपिंग, तिसरा मजला