कोऱ्या चिठ्ठीची बाटली

२ डिसेंबर
जळगावला रुजू झाले. डब्यात भरीत-पुरी, हॉस्पिटलात स्वतंत्र खोली, आणि मालक लीलाधर सर एकदम हसतमुख. माझी तर चंगळ आहे! खोलीतल्या फडताळात बाटल्यांची रांग आहे. आधीचे नाना डॉक्टर मुलांच्या श्वासनळीतून काढलेली वस्तू बाटलीत ठेवायचे, वर मुलाचं नाव. शेंगदाणे, सीताफळाची बी, खेळण्यातली शिट्टी. एकच बाटली रिकामी, चिठ्ठी कोरी. कुंदाबाई सिस्टर म्हणाल्या, एक्स-रे स्वच्छ बघून नानांनी एका मुलीला घरी पाठवलं, ती वाटेतच गेली. तिची ती बाटली. महिन्याभरात नानाही गेले, दम लागून.

५ डिसेंबर
धरणगावची कोकिळा आली, कडेवर तीन वर्षांची रत्ना. छातीत उजवीकडे बारीक शीळ. "मॅडम, दाणा खाता खाता ठसका लागना, तवयपाईन आसंच शे." म्हणजे ठसक्यापासूनच ही शीळ. एक्स-रे काढला. स्वच्छ आहे, काळजी करू नका, मी म्हणाले आणि खोकल्याचं औषध दिलं. बाहेर चाळीस पेशंट ताटकळत होते. दाणा एक्स-रेत दिसत नाही, हे घोकून मी परीक्षा पास झाले. तरीही घरी पाठवलं.

६ डिसेंबर
दुपारी खोलीत शीळ ऐकू आली. श्वास सोडताना यावी तशी. फडताळातून. कुंदाबाईंना काही ऐकू येत नाही.

७ डिसेंबर
कोऱ्या चिठ्ठीवर रत्नाचं नाव आहे. अक्षर माझं, पण मी लिहिलेलं नाही. कोकिळाचा फोन बंद. भीती वाटते, त्याहून जास्त लाज. धरणगावला निघते.

८ डिसेंबर
पोरीचे ओठ निळे पडले होते. मीच घेऊन आले, श्वासनळीत दुर्बीण घातली. आत काहीच नाही. दाणासुद्धा नाही. पण शीळ थांबली, रत्ना रडली, दूध प्यायली. कोकिळानं माझे पाय धरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ डिसेंबर
बाटली रिकामीच. शीळ आहे — फडताळात नाही आता. मी जाते तिकडे येते.

१० डिसेंबर
स्टेथोस्कोप स्वतःलाच लावला. उजवीकडे — मी दाणा खाल्लेलाच नाही —

११ डिसेंबर
चिठ्ठीवर माझं नाव. नखं निळी. एक्स-रे काढला. लीलाधर सर हसून म्हणाले, स्वच्छ आहे, काळजी करू नका. बाहेर पेशंट आहेत, म्हणाले. बोलता येत नाही म्हणून इथेच लिहून दाखवते आहे — सर, दाणा एक्स-रेत दि